आजोबांचा आकडा

"म्हणजे तुम्ही पण स्टेम सेलवालेच ना?"

पहिल्याच भेटीत आईने हे विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुलाला एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन झाली होती. त्यासाठी अर्धा एकर गेला, अडीच लाख गेले, आणि पोरगं आधीसारखंच गुडघ्यावर हात टेकत जमिनीवरून उठत राहिलं. मी संमतीपत्राचे कागद पुढे सरकवणार होते, ते तसेच हातात धरून बसले.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम करते. या कुटुंबाचं नाव-गाव सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यातली माणसं, आई-बाबा आणि दोन मुलगे, एवढं पुरे. मोठ्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू निकामी करणारा जन्मजात आजार. २०२२ च्या जूनमध्ये आमची भेट झाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि चालत होता. धाकटा सहा वर्षांचा, ठणठणीत.

त्या दिवशी मी ताईंना, म्हणजे मुलांच्या आईला, सगळ्यात आधी हे सांगितलं की आमच्याकडे उपचार नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी केलं जाणारं मूलपेशी (म्हणजेच स्टेम सेल) प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा बाकी सगळा वापर हा अजून संशोधनच आहे, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणं चूक आहे. त्या सूचना इंग्रजीत आहेत, सरकारी संकेतस्थळावर आहेत, आणि ज्याला अर्धा एकर विकावा लागतो त्याच्यापर्यंत त्या पोचत नाहीत, याची मला आजही चीड येते. मी म्हटलं, "ताई, आम्ही मुलाच्या अंगात काही घालणार नाही. तुमच्या चौघांचं थोडं थोडं रक्त घेणार, त्यातल्या पेशी बाहेर वाढवणार, आणि या आजारात स्नायूचं नेमकं काय बिघडतं ते त्यांच्यावर बघणार. तुमच्या मुलाला याचा फायदा होईल असं मी सांगू शकत नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पैसे मागत नाही म्हणजे खरं बोलताय."

चौघांचं रक्त कशाला, हा प्रश्न आमच्या नीतिसमितीनेही विचारला. आजारी मुलाचं घ्या, पण धडधाकट लहान पोराला सुई टोचायचं कारण काय? त्याचं उत्तर असं. एखाद्या रुग्णाच्या पेशी घेऊन त्यांची तुलना कुणा भलत्याच निरोगी माणसाच्या पेशींशी केली, तर दिसणारा फरक आजाराचा की दोन माणसांमधला, हे कळत नाही. ब्रिटनच्या हिपसाय प्रकल्पाने २०१७ मध्ये ३०१ निरोगी माणसांच्या ७११ लाइन्स (एकेका माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेले पेशींचे वंश) तपासून दाखवलं की पेशींच्या वागण्यातल्या फरकांपैकी ५ ते ४६ टक्के फरक निव्वळ माणूस वेगळा म्हणून असतो. घरातल्या घरात तुलना केली की हा गोंधळ बराच कमी होतो. भावाभावांत निम्मं जनुकीय धन सारखं असतं. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या आयपीएसकोर या पेशींच्या संग्रहात कुटुंबं आणि जुळी आहेत, आणि आपल्याकडे बेंगळुरूला निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी मिळून मानसिक आजारांवर जे काम उभं केलंय तेही एकेका घरातल्या अनेकांच्या पेशींवर. समितीने परवानगी दिली, पण एका अटीवर: धाकट्याला वेगळी सुई टोचायची नाही. तो सीकेच्या (स्नायूंची झीज रक्तात दाखवणाऱ्या विकराच्या) तपासणीसाठी रक्त द्यायला येणारच होता, त्याच सुईतून आमची नळी भरायची.

समितीचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. पेशी कुणाच्या आहेत हे पटवायला आम्ही डीएनएची ओळख-चाचणी करणार. आई-बाबा-मुलं एकत्र असली की त्याच चाचणीतून नातंही उघडं पडतं. काही भलतंच निघालं तर? त्यावर संमतीपत्रात एक वाक्य घातलं, की ही चाचणी फक्त नळ्यांची ओळख पटवण्यासाठी आहे, नात्याबद्दलचा निष्कर्ष कुणालाही, अगदी कुटुंबालाही, सांगितला जाणार नाही. हे वाक्य मी आई आणि बाबांना वेगवेगळं बसवून वाचून दाखवलं. नातेवाइकांच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वेगवेगळं बसवूनच वाचून दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्याची परवानगी तोंडी घेतली. सात ते बारा वर्षांच्या मुलाला विचारायचं असतं, सही लागत नाही. तो म्हणाला, "दुखणार असेल तर एकदाच टोचा."

आजाराबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या स्नायूंच्या पेशींना आतून टेकू देणारं डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर, माणसाच्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक, २२ लाख अक्षरांचं, ७९ तुकड्यांमध्ये विभागलेलं. तुकड्यांना एक्झॉन म्हणतात. या मुलाच्या जनुकात ४८ ते ५० हे तीन एक्झॉन गायब होते. अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि या तिन्हींची मिळून होतात ३९७. तिनाने भाग जात नाही, एक उरतो. त्यामुळे ४७ नंतरचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन तयारच होत नाही. मुलग्यांना एक्स एकच, तो आईकडून आलेला. आईला दोन, म्हणून एक बिघडला तरी दुसऱ्यावर निभावतं. ताईंचा एक सख्खा भाऊ याच आजाराने अठराव्या वर्षी गेला होता. म्हणजे बिघाड ताईंच्या आईकडून आलेला. ती माउली हयात नव्हती.

रक्त आलं त्या दिवशी चार नळ्या रॅकवर ओळीने उभ्या होत्या. फायकॉल नावाच्या दाट द्रवावर रक्त हलक्या हाताने सोडायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तांबड्या पेशी तळाला जातात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो, आणि मध्ये ढगाच्या पातळ पट्टीसारखा पांढुरका थर दिसतो. आपल्या कामाचा तेवढाच. तो पिपेटने उचलताना मी अजूनही श्वास रोखते.

त्या थरात टी-पेशी भरपूर असतात, पण त्या मी टाळते. टी-पेशींनी स्वतःच्या डीएनएचे काही भाग आधीच कापून जोडलेले असतात, आणि ती खूण पुढच्या प्रत्येक पिढीत राहते. त्यापेक्षा तांबड्या पेशी घडवणाऱ्या कोवळ्या पेशी दहा-बारा दिवस खास मीडियात (पेशींना पोसणाऱ्या द्रवात) वाढवून घेतलेल्या बऱ्या. मग त्यांच्यावर सेंडाई विषाणू सोडायचा. जपानच्या सेंडाई शहरावरून नाव पडलेला हा मूळचा उंदरांचा विषाणू. आपल्या कामाच्या विषाणूत चार जनुकं भरलेली असतात: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चौघं मिळून रक्ताच्या पेशीला मागे नेतात आणि तिची पुन्हा मूलपेशी करतात. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २४ जनुकांपासून सुरुवात करून या चौघांवर आणून ठेवलं, २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींत, आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. सेंडाईची सोय अशी की तो पेशीच्या डीएनएत घुसत नाही. काम करतो, आणि पेशी वाढत गेल्या की विरळ होत होत निघून जातो.

मग वाट बघायची. पहिला आठवडा नुसती पडझड. रोज सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मेलेल्या पेशींचा चुरा तरंगताना दिसे. हजारो पेशींमधून एखादीच उलटा प्रवास पूर्ण करते. चौदाव्या दिवशी बाबांच्या प्लेटमध्ये पहिली वसाहत दिसली, मग धाकट्याच्या, मग ताईंच्या. मोठ्याची प्लेट एकोणिसाव्या दिवसापर्यंत कोरी होती. रोज संध्याकाळी जाताना मी ती परत एकदा काढून बघायची. विसाव्या दिवशी कडेला एक, आणि दोन दिवसांत सात.

चांगली वसाहत एकदा पाहिली की विसरत नाही. सपाट, दाट, कडा चाकूने कापल्यासारखी स्वच्छ. पेशी एकमेकींना इतक्या चिकटून की मधल्या भिंती दिसत नाहीत. प्रत्येकीचं केंद्रक मोठं, त्यात एक-दोन ठसठशीत गडद ठिपके, आणि भोवती पेशीद्रव जेमतेम. जिची कडा विस्कटलेली, मध्ये पिवळट डाग पडलेला, ती सोडून द्यायची. निवडलेली वसाहत हुडमधल्या (स्वच्छ हवेच्या कपाटातल्या) सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने चौकटी मारून कापायची, शंकरपाळ्याच्या पोळीसारखी, आणि ते तुकडे पिपेटने उचलून नव्या खणात सोडायचे. प्रत्येक खण म्हणजे एक क्लोन. बाबांचे सहा, मोठ्याचे सात, धाकट्याचे सहा, ताईंचे नऊ. ताईंचे मुद्दाम जास्त घेतले, त्याचं कारण पुढे येईल.

या पेशींना सुटी नसते. मीडिया रोज बदलावा लागतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्यात गाडी घालायची सोय नसते, तेव्हा मी डेक्कनपासून चालत गेले. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून सात वाजता इन्क्युबेटरपाशी. हे कौतुकासाठी सांगत नाही. चार माणसांचे २८ क्लोन एकाच वेळी वाढत असताना थकलेला हात काय करतो ते आता सांगायचंय, म्हणून सांगते.

वाढलेल्या पेशी विभागून नव्या प्लेटमध्ये हलवल्या की एक पॅसेज झाला म्हणतात. आठव्या पॅसेजच्या सुमाराला आम्ही प्रत्येकाचे तीन-तीन क्लोन ठेवले, ताईंचे मात्र नऊच्या नऊ, आणि बाकीचे गोठवले. चौदाव्या पॅसेजला चाचण्या लावल्या. गुणसूत्रं सगळ्यांची व्यवस्थित, ४६ च्या ४६. विसाव्या गुणसूत्राचा एक बारका भाग अशा पेशींत बऱ्याचदा दुप्पट होतो आणि नेहमीच्या तपासणीत सुटतो, तो वेगळा बघितला, तोही ठीक. सेंडाई निघून गेलेला. ऑक्ट-४, नॅनॉग, एसएसईए-४ या मूलपेशीच्या खुणा उजळ. गर्भाच्या तिन्ही थरांच्या पेशी त्यांच्यापासून घडवता आल्या. एक्झॉन ४९ आहे की नाही ते दाखवणारी पीसीआर चाचणी लावली, तर जेलवर बाबांची रेघ, ताईंची रेघ, धाकट्याची रेघ, आणि मोठ्याच्या रकान्यात काळोख. अगदी हवं तसं.

शेवटी ओळख-चाचणी, एसटीआर. डीएनएत पंधरा ठरावीक जागी छोटे शब्द पुन्हा पुन्हा आलेले असतात, ते किती वेळा आलेत ते मोजायचं. प्रत्येक जागी दोन आकडे, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. मूळ रक्ताचे आकडे आणि लाइनचे आकडे तंतोतंत जुळायला हवेत.

बाबांच्या एका लाइनचे जुळेनात.

पहिला विचार आला की बाहेरची कुठली तरी पेशी शिरली. पण तक्ता घेऊन बसल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. पंधरापैकी एकही जागा पूर्ण परकी नव्हती. प्रत्येक जागी एक आकडा बाबांचा होताच. काही ठिकाणी दुसराही जुळत होता, काही ठिकाणी नव्हता. हे अनोळखी माणसाचं लक्षण नव्हे, हे मुलाचं लक्षण. उरलेले आकडे ताईंच्या रक्ताशी ताडून पाहिले, सगळे तिथे सापडले. मग धाकट्याच्या लाइन्स तपासल्या. एकीत बाबा निघाले.

अदलाबदल झाली होती, आणि ती माझ्या हातून. वही उलटत मागे गेले. दहावा पॅसेज, एका शनिवारी रात्री, दोन प्लेटा एकाच वेळी हुडमध्ये. नाव आणि क्लोन नंबर मी झाकणावर लिहिले होते. मीडिया बदलायला दोन्ही झाकणं काढून शेजारी ठेवली आणि परत लावताना उलटी लावली. बस, एवढंच.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या गोष्टीची की बाकी कुठल्याच चाचणीने हे पकडलं नसतं. दोघे पुरुष. दोघांची गुणसूत्रं नीट. दोघांनाही एक्झॉन ४९ आहे. पेशी दोन्हीकडच्या उत्तम. बरं, पेशींच्या ओळखीसाठी ऐंशी टक्के जुळलं की चालतं असा एक रूढ उंबरठा आहे. परक्या पेशी ओळखायला तो ठीक असेल, पण बाप-लेकाचे, भावाभावांचे आकडे आधीच निम्म्याच्या वर जुळतात. नात्यातल्या पेशींना ऐंशी टक्के लावणं म्हणजे दार उघडं ठेवणं. इथे शंभर टक्केच हवेत, आणि ते फक्त स्वतःच्या रक्ताशी नाही, घरातल्या प्रत्येकाच्या रक्ताशी ताडून.

मी दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं, समितीला लेखी कळवलं, आणि ताई-बाबांनाही फोन केला. ताई म्हणाल्या, "बापलेकच बदलले ना, बाहेरचं नाही ना कुणी आलं? मग परत करा की." दहाव्या पॅसेजनंतरचं त्या दोन लाइन्सचं सगळं ब्लीचमध्ये ओतलं. पाचव्या पॅसेजच्या गोठवलेल्या व्हायल (छोट्या कुप्या) होत्या, त्यांची ओळख आधी तपासली आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. तीन महिने गेले. तेव्हापासून आमच्याकडे नाव प्लेटच्या बुडाच्या कडेला लिहितात, झाकणावर नाही. हुडमध्ये एका वेळी एकाच माणसाची प्लेट. मीडियाची बाटलीही माणसागणिक वेगळी. आणि ओळख-चाचणी शेवटी एकदा नाही: वसाहत उचलल्यावर, गोठवून साठा (बँक) करताना, आणि कुणाला पाठवण्याआधी.

आता ताईंचे नऊ क्लोन.

बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले तरी त्यातला एकच जागा असतो, दुसरा झोपवलेला. कुठला झोपणार हे गर्भात अगदी लवकर, पेशीपेशीला स्वतंत्रपणे ठरतं आणि मग तिच्या सगळ्या लेकी-नातींत तेच चालू राहतं. म्हणजे ताईंच्या रक्तातल्या काही पेशींत बिघडलेला एक्स जागा, काहींत चांगला. आणि आपला प्रत्येक क्लोन तर एकाच पेशीपासून वाढलेला! उलट्या प्रवासातही माणसाच्या पेशींतला झोपलेला एक्स बहुधा झोपलेलाच राहतो. याचा अर्थ एकाच बाईच्या रक्तातून दोन तऱ्हेच्या लाइन्स मिळतात: बाकी सगळं अक्षर अन् अक्षर सारखं, फक्त एकीत डिस्ट्रोफिन बनेल, दुसरीत नाही. भावाशी तुलना चांगली, पण ही तुलना त्याहून चांगली. जनुक कापून दुरुस्त करून अशी जोडी बनवता येते, पण इथे कुठेही कात्री न लावता ती आपसूक हातात येते. याच्या नादाने मी नऊ क्लोन राखले होते.

अडचण एवढीच की मूलपेशीच्या अवस्थेत डिस्ट्रोफिन दिसत नाही. मग कुठला एक्स जागा आहे हे कसं ओळखायचं? त्यासाठी जुनी, साधी चाचणी आहे. एक्सवरच्या अँड्रोजन रिसेप्टर जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने काही वेळा येतात, माणसागणिक आकडा वेगळा. झोपलेल्या एक्सवर तिथे रासायनिक टोपी असते, जाग्यावर नसते. एक विकर टोपी नसलेला धागा कापतं. कापून झाल्यावर जो आकडा उरतो तो झोपलेल्याचा. ताईंचे आकडे होते १९ आणि २२. नऊ क्लोनपैकी सहांत १९ उरला, तिघांत २२. अगदी स्वच्छ विभागणी.

पण बिघडलेला एक्स १९ वाला की २२ वाला? मला वाटलं, मुलांकडे बघितलं की कळेल. मोठ्याकडे बिघडलेला आहे, त्याचा जो आकडा तो बिघडलेल्याचा.

मोठ्याचा आला २२. धाकट्याचाही २२.

क्षणभर परत अदलाबदलीची धास्ती घेतली. रक्तापासून सगळं पुन्हा केलं. तेच. मग कागदावर गुणसूत्र काढून बसले. डिस्ट्रोफिन एक्सच्या आखूड भुजेवर, अँड्रोजन रिसेप्टर लांब भुजेवर. दोघांत भरपूर अंतर. आईकडून मुलाला एक्स जातो तो बहुतेक वेळा अखंड जात नाही, तिच्या दोन्ही एक्सची आधी तुकड्यांची देवघेव होते. दोघा मुलांपैकी एकाचा एक्स असा जोडकामाचा होता. कुणाचा, ते मुलांवरून कळणारच नव्हतं.

ताईंनी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे जावं लागणार होतं. आजी नव्हती. पण पुरुषाकडे एक्स एकच असतो, त्याला देवघेव करायला जोडीदार नसतो. लेकीला तो जवळजवळ सगळाच्या सगळा, जसा आहे तसा देतो. आजोबांचा जो आकडा, तो ताईंच्या चांगल्या एक्सचा आकडा.

समितीची नवी परवानगी घेऊन आजोबांना निरोप धाडला. पहाटेच्या एसटीने आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगा. बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, एक इचारू का? रोग कुणाकडनं आला ते बघाय बोलवलंय का मला? माझं पोरगं गेलं तवा लोकांनी हिच्या आईला लई बोललं. ती तसंच ऐकून ऐकून गेली."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. आजी तो बिघाड स्वतःसाठी मागून आणलेली नव्हती, कुणीच आणत नाही, हे सांगितलं. मग म्हटलं, "आजोबा, तुम्ही या वयात दोन जिने चढून आलात. तुमचा एक्स चांगला आहे हे तपासायची गरजच नाही. तुमच्या लेकीकडे दोन आहेत, त्यातला तुमचा कुठला, एवढंच ओळखायचंय. तुमच्यावरून चांगला कळतो."

त्यांनी बाही वर केली. "मग घे की. लागंल तेवढं घे."

आकडा आला २२.

म्हणजे ताईंचा २२ वाला एक्स आजोबांचा, चांगला. १९ वाला आजीकडचा, बिघडलेला. ज्या सहा क्लोनमध्ये १९ झोपला होता, ते डिस्ट्रोफिन बनवणार. ज्या तिघांत २२ झोपला, ते नाही बनवणार. मोठ्या मुलावर विसंबून राहिले असते तर नऊच्या नऊ लाइन्सवर मी उलटी चिठ्ठी लावली असती. त्या मुलाच्या एकुलत्या एक्सचा एक भाग आजीचा आहे, तीन एक्झॉन हरवलेला, आणि एक भाग आजोबांचा. दोघांचं त्याच्या अंगात सांधलेलं आहे.

कागदावरचं खरं करायला आम्ही दोन्ही तऱ्हेच्या क्लोनपासून हृदयाच्या स्नायूपेशी घडवल्या. आधी एक रसायन देऊन विंट नावाचा निरोप चढवायचा, दोन-तीन दिवसांनी दुसरं देऊन उतरवायचा. दहाव्या दिवशी सकाळी प्लेट काढली आणि खणाच्या एका कोपऱ्यात पातळ पापुद्रा आक्रसताना दिसला. थांबला. पुन्हा आक्रसला. पुढे महिनाभराने डिस्ट्रोफिनचा हिरवा रंग चढवला. सहांपैकी पाच क्लोनमध्ये पेशीच्या कडेने बारीक हिरवी रेघ, तिघांत काहीच नाही, मोठ्याच्या पेशींतही नाही. सहावा क्लोन आम्ही आधीच बाजूला ठेवला होता. फार पॅसेज झाले की झोपलेल्या एक्सवरचा पहारा कधी कधी सुटतो, तो अर्धवट जागा होतो आणि लाइन कामातून जाते. बाईच्या लाइन्सवर काम करणाऱ्यांनी ही चाचणी सुरुवातीच्या पॅसेजला करावी आणि मधून मधून परत करावी. बरेच जण एकदाच करतात.

या सगळ्याला जवळजवळ तीन वर्षं लागली. तेवढ्या काळात मोठा चालायचा थांबला. या आजारात बाराव्या वर्षाच्या आसपास असंच होतं, मला ते पाठ होतं, तरी व्हीलचेअर ढकलत आलेल्या बाबांना बघून मला पुढचं वाक्य सुचेना. ते त्या दिवशी एका सहीसाठी आले होते. मुलगा बारा वर्षांचा झाला होता. आता तोंडी होकार पुरत नाही, त्याची स्वतःची लेखी संमती लागते, आणि त्याने नाही म्हटलं तर त्याच्या लाइन्स पुढे कुणाला देता येत नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. ताई मध्ये बोलायला गेल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं.

त्याने मराठी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ओळीखाली बोट धरून. मग विचारलं, "बाबांची आणि छोट्याची बदलली होती ना? आई सांगत होती."

"हो. माझी चूक झाली होती."

"माझ्या माझ्याच आहेत कशावरून?"

मी तिघांचे तक्ते काढले, त्याचा, ताईंचा, बाबांचा, आणि टेबलावर एकाखाली एक लावले. प्रत्येक जागी दोन टोकं, एकेका आकड्याचं एकेक. त्याच्या पहिल्या टोकावर मी बोट ठेवलं आणि खाली ताईंच्या तक्त्यावर तेच टोक दाखवलं, दुसरं बाबांच्या. त्याला लगेच कळलं. तक्ते त्याने स्वतःकडे ओढून घेतले. "हे आईचं. हे बाबांचं. हे आईचं. हे बाबांचं." एका जागी दोघांचा आकडा एकच होता, तिथे तो अडला, मग म्हणाला, "हे कुणाचं पण चालेल." पंधराच्या पंधरा जागा त्याने अशा मोजल्या. मग पेन मागितलं.